भरकटलेल्या पोराची शॉर्ट फिल्म: पेठेतल्या खोलीपासून फायनल कटपर्यंत

पंचविशी ओलांडलेला मुलगा, हातात ठोस काही नाही, पुढे काय करायचं ते ठरत नाही. पुण्यात बनणाऱ्या हौशी शॉर्ट फिल्ममध्ये हा मुलगा हमखास भेटतो. कारण उघड आहे: बनवणारेही त्याच वयाचे, खोली फुकट, टेकडी फुकट आणि कामाला मित्र तयार. यातल्या बऱ्याच फिल्म पाचव्या मिनिटाच्या आसपास बसतात, आणि बसतात त्या एकाच कारणाने. मुलाला काही सुचत नाही म्हणून लेखकही त्याला काही करायला देत नाही. मग तो आरशात बघतो, गच्चीवर सिगरेट ओढतो, बसच्या खिडकीला डोकं टेकतो, आणि प्रेक्षक मोबाइल काढतो.

नायकाला आयुष्यात काय करायचंय ते माहीत नसलं तरी चालतं. आज संध्याकाळी सातच्या आत काय करायचंय ते मात्र त्याला पक्कं माहीत हवं. हे एवढं जमलं तर बाकीच्या गोष्टी निस्तरता येतात.

खाली जे दिलंय ते साधारण १५ मिनिटांची फिल्म, तीन दिवसांचं शूटिंग, आठ-नऊ माणसं आणि एक मिररलेस कॅमेरा किंवा चांगला फोन धरून.

आधी काम द्या, दुःख नंतर

उदाहरणच घेऊ. बार्शीचा मुलगा, वय २७, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन) राहतो, राज्यसेवेचे चार अटेम्प्ट झालेत. रूममेटला पोस्ट निघाली. ही झाली परिस्थिती. गोष्ट अजून सुरू झालेली नाही. आणि या परिस्थितीत एक अडचण मुळातच आहे: राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षं आहे. म्हणजे २७ च्या मुलाला बाहेरून कुणीच ‘आता बास’ म्हणत नाही. भरकटणं टिकतं ते त्यामुळेच. पण फिल्मला घड्याळ लागतं, आणि ते तुम्हालाच लावावं लागणार.

समजा रूममेट उद्या सकाळी खोली सोडतोय आणि त्याच्या वाट्याचं डिपॉझिट आपल्या मुलाने द्यायचंय. पैसे नाहीत. विकण्यासारखं एकच आहे, चार वर्षांत जमवलेली पुस्तकं. ती पिशवीत भरून तो अप्पा बळवंत चौकात निघतो. आता त्याला जागा आहे, वेळेची मर्यादा आहे, समोर अडवणारा माणूस आहे. जुन्या पुस्तकांचा दुकानदार आवृत्ती बघतो आणि म्हणतो, “मुख्य आता वर्णनात्मक झाली, हे ऑब्जेक्टिव्ह कोण घेणार?” हा अडथळा कल्पनेतला नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. त्याआधी २०२३ च्या सुरुवातीला याच बदलावरून पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते आणि बदल पुढे ढकलला गेला होता. एका वाक्यात चार वर्षांची किंमत पडते, आणि नायकाला उसासा टाकावा लागत नाही.

पुढचा टप्पा अवघड: त्याला दिशा सापडते ती दाखवायची कशी? भाषणातून नाही. त्याच दुकानात तयारीच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी भलतीच पुस्तकं उचलते. हा न राहवून सांगतो की हे घेऊ नका, त्याचे पहिले सहा धडे पुरेत, इतिहासाला हे बघा. दहा मिनिटांत दुकानदाराचं गिऱ्हाईक हाच सांभाळतोय. दुकानदार बघतो. कुणीही ‘तू शिकव ना’ किंवा ‘दुकानात काम करतोस का’ म्हणायचं नाही. ते वाक्य लिहिलंत की सीन मेला.

लिहून झालं की प्रत्येक सीनच्या समासात तीन गोष्टी लिहा: त्याला आत्ता काय हवंय, कोण देत नाहीये, सीन संपताना त्याच्याकडे काय कमी किंवा जास्त झालं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो सीन काढा, दिसायला कितीही देखणा असला तरी. चालण्याचे सीन इथे सर्वांत आधी उडतात. १५ मिनिटांत चालण्याचे तीन शॉट पुरेत, आणि प्रत्येक चालणं कुठेतरी पोचायला हवं.

पानांवरून लांबी मोजू नका

‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक फाँटवर आणि समासांवर बसवलेला आहे. देवनागरीत तो चुकतो, आणि अशा फिल्ममध्ये तर दुप्पट चुकतो, कारण “तो पर्वती चढतो” ही अर्धी ओळ १०३ पायऱ्यांची आहे. स्टॉपवॉच घेऊन पटकथा मोठ्याने वाचा. संवाद वाचताना मधल्या हालचाली प्रत्यक्ष उठून करा: कुलूप उघडणं, पिशवी खाली ठेवणं, पुस्तक चाळणं. वाचन १३ मिनिटांच्या वर गेलं तर कापा, शूटिंगमध्ये ते फुगणारच आहे.

संवाद

सर्वांत जास्त घडणारी चूक अशी:

मित्र: तुला आयुष्यात नक्की काय करायचंय?
नायक: तेच तर कळत नाहीये यार.

पुण्यात कुणी कुणाला असं विचारत नाही. लोक विचारतात “सध्या काय चालूये?”, आणि त्यापुढचा अर्धा सेकंद तुमच्या कामाचा असतो. घरचा फोन असा लिहून बघा:

आई: जेवला का?
नायक: हो, आत्ताच.
आई: मेस चांगली आहे ना ती?
नायक: हो.
आई: बाबा इचारत होते, फारम कधी सुटणार म्हणून.
नायक: सुटंल की. तू गोळ्या घेतल्या का?

तो जेवलेला नाही हे आधीच्या शॉटमध्ये दिसलेलं असलं की पुरे. शेवटच्या ओळीत त्याने विषय बदलला, यातच सगळं आलं. आणि भाषा बघा: आईशी बोलताना तो गावाकडचं बोलेल, रूममेटशी निम्मं-निम्मं, खोलीच्या मालकीणबाईंशी “हो काकू, दहाच्या आत येतो” असं धुतलेलं. एकाच माणसाच्या या तीन भाषा नीट पकडल्या तर तो शहरात किती उपरा आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. बोली मात्र तुम्ही अंदाजाने लिहू नका. ज्या भागातला नट असेल त्या भागाचा नायक करा आणि फोनच्या ओळी त्यालाच त्याच्या तोंडच्या करायला सांगा. वरच्या ओळी सोलापूरकडच्या नटाने बदलल्या तर बदलू द्या.

नट

चांगले तरुण नट शोधायला पुण्यात लांब जावं लागत नाही. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेतल्या एकांकिका बघायला जा. भरत नाट्यमंदिरात बसून नावं लिहून घ्या. मुख्य भूमिकांपेक्षा, दुसरा बोलत असताना जो नीट ऐकतो त्याच्याकडे लक्ष ठेवा. तुमच्या फिल्मचा नायक निम्मा वेळ ऐकण्याचंच काम करणार आहे.

रंगमंचावरच्या नटाची अडचण आवाजाची. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय कॅमेऱ्यापुढे खोटी वाटते. “कमी अभिनय कर” म्हणून उपयोग होत नाही, नट नुसता थिजतो. त्याऐवजी हाताला काम द्या: संवाद म्हणताना शर्टाचं बटण टाकायचंय, पुस्तकांवरचं नाव खोडरबराने पुसायचंय. लक्ष हातात गेलं की आवाज आपोआप खोलीच्या मापात येतो. तालमी शक्यतो त्याच खोलीत करा.

जागा

टेकडी प्रत्येकालाच हवी असते. हनुमान टेकडी किंवा वेताळ टेकडीवर जाऊन ‘हताश नायक शहराकडे बघतो’ घ्यायचं असेल तर एक लक्षात घ्या: तिथून शहर पूर्वेला आहे. संध्याकाळी नायकाच्या मागे शहर ठेवून चेहरा घेतलात तर मावळतीचं ऊन थेट तोंडावर येतं. छान दिसतं, पण पूर्वेच्या उतारावर टेकडीचीच सावली पडते आणि सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी ऊन निघून जातं. डिसेंबरच्या मध्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास, मे महिन्यात सातच्या सुमारास. आदल्या दिवशी नेमक्या जागी उभं राहून ऊन कधी सुटतं ते घड्याळावर बघा, कॉल टाइम (सगळ्यांनी पोचायची वेळ) त्यावरून ठरवा.

खरं तर टेकडीची गंमत सकाळी आहे. निवृत्त मंडळी कानटोप्या घालून झपाझप चालत असतात, प्रत्येकाचा वेग ठरलेला, फेऱ्या ठरलेल्या. त्यांच्यात नुसता बसलेला एकच, तो सत्तावीस वर्षांचा. हा शॉट दूरवरून ८५ एमएमच्या लांब लेन्सवर घ्या, संवाद घालू नका. टेकड्यांचा बराच भाग वन विभागाच्या ताब्यात आहे, त्यामुळे लेखी परवानगी काढा. ड्रोनचा मोह सोडा: लोहगावचा हवाई तळ आणि खडकवासल्याची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) यांमुळे शहराचा मोठा भाग उड्डाणासाठी निर्बंधित आहे. तसंही, आकाशातून दिसणारा एकटा माणूस आता सगळ्यांचा बघून झालाय.

अभ्यासिका मिळवणं कठीण, कारण त्या जवळपास दिवसभर चालू असतात आणि पहाटेपर्यंत कुणी ना कुणी बसलेलं असतं. दिवाळीत मुलं गावी जातात तेव्हा अभ्यासिका आणि पेठेतल्या खोल्या दोन्ही रिकाम्या मिळतात, पण बाहेर फटाके. म्हणून दिवाळीत बिनसंवादाचे सीन उरका, संवादाचे ठेवा पुढच्या आठवड्यासाठी. प्लायवूडच्या पार्टिशनमध्ये चेहऱ्यावर उजेड फक्त टेबललॅम्पचा येतो. लॅम्पच्या पोटात बेकिंग पेपर चिकटवला की तो मऊ पडतो. बल्ब एलईडीच असू द्या, जुना गरम होणारा नको.

लक्ष्मी रोड, अप्पा बळवंत चौक, मंडई अशा गर्दीत अडचण एकच: माणसं लेन्समध्ये बघतात. तीनपेक्षा जास्त लोक कॅमेऱ्याजवळ नकोत. मोठा माइक दिसला की गर्दी थांबते, म्हणून तिथे बूम (काठीला लावलेला माइक) काढूच नका, नटाच्या शर्टाखाली लॅपल (छोटा माइक) लावा. रस्त्याच्या पलीकडून लांब लेन्सने घ्या किंवा सरळ फोन वापरा, फोनकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. सार्वजनिक रस्त्यासाठी पोलिसांची आणि महापालिकेची परवानगी लागते. अर्जासाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. रेल्वे स्टेशन, मेट्रो आणि पीएमपीएमएलची बस यांची परवानगी ज्यांची त्यांच्याकडून, वेगळी. दुकानात सीन असेल तर मालकाकडून एका पानाचा करार सही करून घ्या आणि गिऱ्हाइकीची वेळ सोडून जा. शाळा-कॉलेज सुरू होण्याच्या दिवसांत, म्हणजे जून-जुलैत, अप्पा बळवंत चौकाचं नावच काढू नका.

नदीकाठ पावसाळ्यात बेभरवशाचा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि तुमचं शेड्यूलही. झेड ब्रिजवर फक्त दुचाकी असतात, पण लांब लेन्स लावून ट्रायपॉड पुलावरच ठेवला तर गाड्यांबरोबर फ्रेम थरथरते. कॅमेरा काठावर, नट पुलावर.

पालखी किंवा विसर्जन मिरवणूक म्हणजे फुकटचे हजारो एक्स्ट्रा, हे खरं. पण ‘ध्येय असलेल्या गर्दीत ध्येय नसलेला एक’ ही प्रतिमा पहिल्याच विचारात सुचते, म्हणून वापरू नये. शिवाय दुसरा टेक वर्षभराने.

कॅमेरा

सेकंदाला २४ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात; १/५० किंवा १/१०० शटरला ते दिसत नाही, १/६० ला पट्टे सरकताना दिसतात. फोनवर शूटिंग असेल तर ऑटोवर ठेवू नका: शटर, आयएसओ, फोकस आणि व्हाइट बॅलन्स चारही लॉक करता येतील असं अॅप घ्या. स्वस्त एलईडी १/५० लाही त्रास देतात, म्हणून खोली बघायला जाल तेव्हा पाच सेकंदांचा शॉट घेऊन मोठ्या पडद्यावर तपासा.

दुपारच्या उन्हात १/५० आणि एफ ४ ठेवायचं म्हटलं तर आयएसओ १०० वर साधारण पाच स्टॉप जास्त उजेड होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंग बसवायच्या फिक्या चित्रात, बेस आयएसओ ८०० असेल तर आठ स्टॉप. तेवढा एनडी फिल्टर (लेन्सपुढची उजेड कमी करणारी काळसर काच) जवळ हवा. फिरवायचा व्हेरिएबल एनडी शेवटच्या टोकापर्यंत नेऊ नका, फ्रेममध्ये काळी फुली उमटते.

पेठेतली खोली साधारण दहा बाय बाराची. फुल फ्रेम सेन्सरवर ३५ एमएमची लेन्स किंवा त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर २३–२४ एमएम, कॅमेरा दाराच्या चौकटीत. त्याहून रुंद लेन्स लावली की खोली हॉलसारखी दिसते आणि कोंडलेपण जातं. खिडकीचा उजेड आणि छताची पांढरी ट्यूब एकत्र आली की चेहरा अर्धा निळा-हिरवा होतो. दिवसा ट्यूब बंद करा, खिडकीवर पांढरा पंचा लावा.

आवाज, जिथे फिल्म खरी पडते

चित्र थोडं हललेलं लोक खपवून घेतात, संवाद कळला नाही की उठतात. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. रेकॉर्डरच्या मीटरवर बोलणं उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान, ओरडणं उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. खोलीत बूम डोक्यावर दोन-अडीच फुटांवर, तोंड छातीकडे. नागड्या भिंतींत आवाज घुमतो. कॉट बेसिसच्या खोलीत गाद्यांना तोटा नसतो, कॅमेऱ्यात न येणाऱ्या दोन भिंतींना त्या उभ्या करा.

टेकच्या वेळी पंखा बंद, मधल्या वेळात चालू, नाहीतर मे महिन्यात नट पाचव्या टेकला भिजलेला असतो आणि कंटिन्युइटी जाते. मालकीणबाईंचा फ्रिज बंद करायचा असेल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचा विसरत नाही. शेजारची कुकरची वेळ विचारून घ्या. घंटागाडीच्या गाण्याने टेक दोनदा मरतो: एकदा आवाजाने, एकदा हक्कांमुळे, कारण मागे वाजणारं गाणं अपलोड करताना पकडलं जातं. प्रत्येक जागी सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. एडिटमध्ये शब्द कापले की मधली भोकं याच शांततेने बुजवायची असतात. अप्पा बळवंत चौकातही तोच एक मिनिट घ्या, तिथे त्याला शांतता म्हणता येणार नाही एवढंच.

तीन दिवस

पहिला दिवस खोली, संपूर्ण. नट आणि मंडळी एकमेकांना सरावतात. दुसरा दिवस दुकान, कारण अवघड सीनला पहिल्या दिवसाचा गोंधळ आणि तिसऱ्याचा थकवा दोन्ही परवडत नाहीत. तिसरा दिवस रस्ते, टेकडी, राहिलेले इन्सर्ट: हात, पिशवीचा तुटका बंद, पुस्तकाच्या कडेच्या पेन्सिलीच्या खुणा. पुस्तकं नवी आणून चालत नाहीत. खऱ्या विद्यार्थ्याची वापरलेली मागून घ्या, चार वर्षांचे रंगीत हायलायटर बनावट करता येत नाहीत. नाश्ता, जेवण आणि दोनदा चहा वेळेवर. पैसे घेत नसलेली माणसं उपाशी ठेवली की तिसऱ्या दिवशी येत नाहीत.

साठवणुकीचा हिशेब: १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी. १५ मिनिटांच्या फिल्मला आठपट फूटेज धरलं तर दोन तास, ९० जीबी. कार्ड रिकामं करण्याआधी दोन वेगळ्या ड्राइव्हवर प्रती.

एडिट

फोनचं फूटेज टाइमलाइनवर टाकण्याआधी कॉन्स्टंट फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या, हँडब्रेकमध्ये फुकट होतं. नाही केलं तर फोनचा फ्रेमरेट वरखाली होतो आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज काही मिनिटांत ओठांपासून सुटतो.

पहिला जोड, म्हणजे सगळे सीन क्रमाने लावलेला कच्चा कट, २०-२२ मिनिटांचा येईल. आधी पहिला सीन काढून बघा. अलार्म वाजतो, तो उठतो, दात घासतो, हे जवळजवळ नेहमीच काढण्याजोगं असतं. मग प्रत्येक सीनचं शेवटचं वाक्य काढा. निम्म्या ठिकाणी सीन सुधारतो. उदास पियानो लावून मगच सीन चालत असेल तर सीन चालत नाहीये. संगीताशिवाय कट पक्का करा. शेवटी निकाल, रेल्वेचा डबा किंवा पहाट यांतलं काही असेल तर एक सीन आधीच थांबून बघा.

पाच अनोळखी लोकांना दाखवा, ओळखीचे खोटं बोलतात. तुम्ही पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा आणि कोण कोणत्या मिनिटाला चुळबुळलं ते लिहा. दोघे एकाच जागी चुळबुळले तर कात्री तिथे.

गाणं हवंच असेल तर हक्क नीट समजून घ्या. आपल्याकडे शब्द आणि चाल यांवर रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो, ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षं. तुकोबांच्या अभंगाचे शब्द मोकळे आहेत, पण एखाद्या संगीतकाराने दिलेली प्रसिद्ध चाल मोकळी नसते आणि कॅसेटवरचं गाणंही नाही. मित्राकडून नव्या चालीत गाऊन घ्या, आणि त्याच्याकडूनही लेखी परवानगी घ्या, मैत्री आहे तोवरच.

सबटायटल दोन ओळींच्या वर नको, ओळीत चाळीसएक अक्षरं. फायनल फाइलबरोबर संवाद, पार्श्वआवाज आणि संगीत यांचे वेगळे ट्रॅक काढून ठेवा. महोत्सवाने गाण्यावर हरकत घेतली तर सगळं मिक्सिंग परत करावं लागत नाही. मूळ फूटेज आणि प्रोजेक्ट फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा, आणि त्यातलं एक घर भाड्याचं नको.